नकोची पाटी

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

अक्षर ओळखलंच असशील. फाडायचं असेल तर निदान पहिलं पान वाचून फाड. पंधरा महिन्यांनी लिहितोय, तेव्हा खुशालीचे दोन शब्द आधी हवेत हे मलाही कळतं, पण ते राहू देत. आधी बातमी.

भिंगरीने आज माझ्याकडे केळं मागितलं.

साडेपाच वर्षांच्या पोरीने केळं मागितलं ही काय बातमी झाली, असं आमच्या गल्लीतलं कुणीही विचारेल. तू नाही विचारणार. तिचा एक शब्द ऐकण्यासाठी आम्ही कान किती टवकारून बसलोय, तू पाहिलंयस. तिला काही हवं असलं की फळीखाली उभी राहून किंचाळायची, आणि आपण एकेक डबा खाली काढत 'हे का? हे का?' करत बसायचो. आज ती आपण होऊन उठली, मेजावरचं केळ्याचा फोटो असलेलं कार्ड उचललं, चार पावलं चालत आली आणि ते माझ्या तळहातावर ठेवलं. वर माझ्याकडे बघितलं. क्षणभरच, पण बघितलं. मी इतका बावचळलो की केळं द्यायचंच विसरलो. मागून बाई म्हणाल्या, "द्या लवकर. नाहीतर तिला वाटेल कार्डात काही दम नाही."

या बाई कोण ते सांगतो. आम्ही डिसेंबरपासून एका केंद्रात जातोय. बँकेच्या वरचा मजला, चार खोल्या, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, आणि खाली चपला ठेवायला फळी. आधी मुलांच्या वाढीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तीन वेळा बोलावून तपासलं आणि स्वच्छ सांगितलं: ऑटिझम आहे, हे औषधाने जाणारं दुखणं नाही, मेंदूची ठेवणच वेगळी असते. झोप लागत नसेल, फिट येत असेल तर त्याला गोळ्या. बाकी सगळं शिकवणं, आणि त्यातलं अर्धं आई-बापांना. मग त्यांनी दोन दारं दाखवली. एका दारामागे बोलणं शिकवणाऱ्या बाई, दुसऱ्यामागे झोके, गाद्या आणि मोठाले चेंडू घेऊन बसलेला एक थोराड गडी, ज्याला मी मनातल्या मनात पहिलवान म्हणतो.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंचं नाव मी मौनीबाई ठेवलंय. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या असतील. पहिल्या दिवशी अर्धा तास काहीच बोलल्या नाहीत. मी बायकोच्या कानात म्हटलं, "आंधळं दळतंय." तिने कोपर मारलं. मौनीबाई नुसत्या जमिनीवर बसून भिंगरी जे करेल ते करत होत्या. ती झाकण फिरवतेय तर यांनीही झाकण फिरवलं. विसाव्या मिनिटाला भिंगरीने स्वतःचं झाकण थांबवून त्यांचं बघितलं. मी आपल्या पोरीशी इतकी वर्षं घशाला कोरड पडेपर्यंत बोलतोय, आणि गप्प बसून बघायचं मला एकदाही सुचलं नाही.

कार्डं काढली तेव्हा मात्र मी भांडलो. म्हटलं, चित्रं दाखवूनच काम होऊ लागलं तर पोरगी तोंड कशाला उघडेल? बाई म्हणाल्या, चित्रांमुळे बोलणं मागे पडत नाही, उलट काही मुलांना त्याने मदतच होते. मी म्हटलं, आणि हिला नाही झाली तर? त्या म्हणाल्या, "तर निदान चित्रांनी तरी बोलेल की."

तिथे मी हरलो. मी हरलो हे तुला वाचायला आवडेल म्हणून लिहिलं.

त्या दिवसाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ते झालं ते झालं. तू पण काढू नकोस.

तुझा भाऊ


१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे वाचलंस. तुला मी पुरता ओळखतो.

आता माझी फजिती ऐक. केंद्रातली कार्डं म्हणजे साधे फोटो, त्यावर प्लास्टिक. मी म्हटलं, बाप पाट्या रंगवतो, आजा पाट्या रंगवायचा, आणि पोरीने असल्या फिक्या कार्डांवर बोलायचं? दोन दिवस दुकानाची कामं बाजूला सारली. पत्र्याच्या चकत्या कापल्या, कानशीने कडा घासल्या, प्रायमर मारला. केळ्याला तीन पिवळे वापरले. पाण्याच्या पेल्यावर उजेडाची तिरीप काढली. सगळ्याला शेड, आणि भोवती सोनेरी पट्टी. वीस कार्डं. बाबा असते तर हातात घेऊन गप्प राहिले असते, आणि त्यांचं गप्प राहणं म्हणजे काय ते आपल्या दोघांनाच माहीत.

भिंगरीने पहिली चकती घेतली, काठावर उभी केली आणि दिली फिरवून. मग दुसरी. दहा मिनिटांत वीसच्या वीस चकत्या फरशीवर गरगरत होत्या, आणि ती मधोमध टाळ्या वाजवत होती. तिचं नाव भिंगरी आपणच ठेवलं, रांगायच्या आधीपासून वाट्या फिरवते म्हणून, आणि मी शहाण्याने तिला गोल कार्डं करून दिली.

मौनीबाई हसल्या नाहीत. एक चकती उचलून म्हणाल्या, "फार सुंदर आहे. हिला यात केळं दिसत नाही, सोनं दिसतं. चौकोनी करा, पांढऱ्यावर करा, आणि केळं तेवढंच ठेवा." नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. दोन दिवस मी फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी परत बसलो आणि पांढऱ्यावर नुसतं केळं काढलं. तुला सांगतो, ताई, चाळीस वर्षांच्या हाताला साधं केळं काढणं जड गेलं. मन सारखं शेड मारायला धावायचं.

पण चाललं. आज तिच्याकडे छत्तीस कार्डं आहेत आणि त्यातली अकरा ती बरोबर वापरते. केळं, पाणी, बिस्कीट, चेंडू, झोका, फुगे, गाणं, बाहेर, शू, आई, आणि 'आणखी'. 'आणखी'वर तिचा फार जीव. काल पहिलवानाने तिला झोक्यात घालून सतरा झोके दिले आणि प्रत्येक झोक्याला तिने 'आणखी' दिलं. त्याचे हात भरून आले. तिचं अंग जड दाबाने आणि झोक्याने शांत होतं, म्हणून झोका आधी आणि शिकणं नंतर, असं तो म्हणतो. खरंच, त्यानंतर ती वीस मिनिटं एका जागी बसते. आपल्या घरात एवढा वेळ तर मीही बसत नाही.

तुझी भावजय चष्म्याच्या दुकानातून आली की दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर कार्डं मांडून बसतात. काल ती मला म्हणाली, "ऐकलंत का, आज तिने मला बोलावलं." म्हणजे आईचं कार्ड आईला दिलं. एवढंच सांगून ती भांडी घासायला वळली आणि एकच पातेलं बराच वेळ घासत राहिली.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की वर्षभरात बोलेल ना? त्या म्हणाल्या, "तारीख देणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून लांब राहा." मी मान खाली घातली. तारीख देणारा मला भेटला होता, हे तुला माहीतच आहे. त्याने तर कागदावर लिहून दिली होती. पण ते नको आज.

सगळ्या छत्तीस कार्डांची यादी, बारीक चित्रं काढून, सोबत पाठवतोय. मिरवायला पाठवतोय, दुसरं कारण नाही.

तुझा भाऊ


२ मार्च, रविवार

ताई,

तुझं पोस्टकार्ड पोचलं. पंधरा महिन्यांनी बहिणीने भावाला लिहिलं, आणि काय लिहिलं तर एक ओळ. 'यादीत नको कुठे आहे?' ना तुझी सही, ना पोरीला पापा. इस्पितळात तीस वर्षं रुग्णांच्या खाटेवरच्या तक्त्यावर लिहून लिहून तुझी पत्रंही तशीच झालीत.

राग आला. कबूल करतो. छत्तीस कार्डं पाठवली, त्यात तुला सदतिसावं नाही तेवढं दिसलं. आणि वर कहर म्हणजे त्याच आठवड्यात मौनीबाईंनीही तेच विचारलं. "'नको'चं कार्ड राहिलंय, ते घरी कराल का?" मी म्हटलं करतो. केलं नाही. पुढच्या खेपेला विचारलं, म्हटलं रंग वाळायचाय. त्याच्या पुढच्या खेपेला त्या नुसत्या बघत राहिल्या. दोन बायका ठरवून माझ्यावर उठल्यासारखं झालं.

तुला तरी माहीत आहे का करत नाही ते. बाबांनी ब्रश हातात दिला तेव्हा पहिली गोष्ट सांगितली ती हीच: पाटी माणसाला आत बोलावते, हाकलत नाही. आपल्या दुकानातून 'नाही', 'नको', 'बंद', 'मनाई' असली पाटी गेलेली नाही. 'येथे वाहने लावू नयेत'वाले आले की बाबा त्यांना पाणी पाजून पुढच्या चौकातल्या दुकानात पाठवायचे. 'कुत्र्यापासून सावध राहा'वर त्यांनी दोन दिवस विचार केला होता आणि मग केली, कारण त्यात सल्ला आहे म्हणाले, नकार नाही. मीही आजवर तेच पाळलं. आणि तू बारा वर्षांची असताना अभ्यासाच्या खोलीच्या दारावर त्यांच्याच तांबड्या ऑइल पेंटने 'आत येऊ नये' लिहिलंस. तीन दिवस ते तुझ्याशी बोलले नाहीत. आपल्या घरात नको म्हणणारं माणूस एकच निघालं, ते तू.

हे सगळं मी मौनीबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरात नको असेल तर मग काय करतात?" मी म्हटलं, काय करणार, घेतात.

आता खरी गोष्ट. आठ-दहा दिवस भिंगरीचं बिनसलंय. कार्डं फेकते. मनगटाला चावते, स्वतःच्या. परवा पहिलवानाला चावली, चांगले दात उमटले. मी त्याची माफी मागायला गेलो तर तोच माझी मागायला लागला. म्हणाला, "चूक माझी आहे, साहेब. तिला झोका थांबवायला हवा होता, पोट ढवळलं असेल. मी विचारत होतो आणखी का, आणखी का. तिच्याकडे 'आणखी'चं कार्ड आहे, पुरेचं नाही. मग दातच राहिले."

जिना उतरताना तिने माझं बोट धरलं होतं, आणि मनगटावरचे वळ मला दिसत होते. घरी येऊन दुकानात बसलो, पांढरा पत्रा पुढे घेतला आणि एक तास नुसता बसून राहिलो. काढलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं तू म्हणशील. म्हण.

तुझा भाऊ


९ मार्च, रविवार

ताई,

गेलं पत्र टाकलं आणि मागाहून स्वतःचीच लाज वाटली. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय आहे. आज भांडं पुढे ठेवतो. बसून वाच.

त्या दिवशी तू आलीस तेव्हा मी तिला बाटलीतलं पाजत होतो. ती जमिनीवर होती, तिचे दोन्ही हात माझ्या एका हातात होते. तू बाटली हिसकावलीस, हुंगलीस, उलटी-सुलटी करून बघितलीस. वर ना नाव, ना पत्ता, ना आत काय आहे ते. तू म्हणालीस, "हे तिला देऊ नकोस." मी म्हटलं, यात मेंदूतलं विष काढायची ताकद आहे, त्या माणसाने वर्षात बोलेल असं लिहून दिलंय. तू पुन्हा म्हणालीस, नको. आणि बाटली सिंकमध्ये ओतलीस. मी तुझी पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली, आणि भावाच्या पोरीवर जळणारी बाई म्हणालो तुला. तुला मूल नाही हे माहीत असताना म्हणालो. हे एवढं तुला माहीत आहे.

पुढचं माहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी चार बाटल्या आणल्या. बायकोला म्हटलं की तुझ्या नणंदेने ओतली ती शेवटची होती. आणि रोज सकाळी ती कामाला गेली की निळ्या पेल्यात, दुधात मिसळून पाजायचो. भिंगरी तोंड फिरवायची. मी नाक धरायचो. दोन महिने, ताई. तिला जुलाब व्हायचे, मी म्हणायचो विष निघतंय. ती वाळत गेली, तरी मी म्हणायचो विष निघतंय. जानेवारीत एका दुपारी ती फरशीवर पडून राहिली, वाटीसुद्धा फिरवेना, तेव्हा बायको कामावरून धावत आली आणि तिला उचलून इस्पितळात नेलं. दोन दिवस सलाइन. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काय देत होता? मी बायकोसमोर सांगितलं. ती ओरडली नाही. पुढचे तीन महिने ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. मला ते बरंच वाटलं, कारण त्याहून जास्त मला झेपलं नसतं.

तेव्हापासून भिंगरी दूध पीत नाही. तुझ्या भावजयीने सगळे पेले बदलले, पण निळा पेला मागेच कुठेतरी राहिला. मी लोकांना सांगायचो, पोरीच्या आवडीनिवडी फार.

पहिलवान म्हणाला, दातच राहिले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय. तू नको म्हणालीस, कारण तुला म्हणता येत होतं, आणि तुला मी घराबाहेर काढलं. तिला म्हणताच येत नव्हतं. ती तोंड फिरवत होती, हात सोडवत होती, किंचाळत होती, आणि मी त्या सगळ्याला हट्ट म्हणत होतो. दोन महिने माझी पोरगी मला रोज सकाळी नको म्हणत होती. मला वाचता आलं नाही. लोकांसाठी अक्षरं काढणारा माणूस मी.

आज सकाळी बसलो. पांढरा चौकोनी पत्रा, दोन वेळा प्रायमर. काय काढावं ते मौनीबाईंनी सांगितलं होतं: पुढे केलेला तळहात, बस. माझाच डावा हात समोर धरून काढला. तांबडा रंग. शेड नाही, पट्टी नाही. खाली अक्षरं काढायला लागलो तर 'न'ची उभी रेघ वाकडी गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती अक्षरं पाटीवर काढत होतो. पुसून पुन्हा काढली. बाबांच्या फोटोकडे बघितलं नाही. मग बघितलं. म्हटलं, बाबा, तुमचं सगळं मान्य, पण जिला बाहेर जायचं दारच नाही तिला आत कशाला बोलवायचं?

वाळायला ठेवलंय. उद्या नेतो.

तुझा भाऊ


१६ मार्च, रविवार

ताई,

ताई, ताई, ताई. कुठून सुरुवात करू कळत नाही. हात रंगाने नाही, आनंदाने लडबडलेत असं समज. मला काल नऊ वेळा नको म्हटलं गेलं.

नीट सांगतो. सोमवारी कार्ड नेलं. मौनीबाईंनी उलटसुलट करून बघितलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. शिकवायची रीत अशी: तिला न आवडणारी वस्तू पुढे करायची, ओला स्पंज. ती मागे सरली की पाठीमागून पहिलवानाने हलकेच तिच्या हाताने कार्ड उचलून बाईंच्या हातात द्यायचं, आणि त्याच क्षणी स्पंज गायब. "त्याच क्षणी," बाई मला तीन वेळा म्हणाल्या. "ती नको म्हणाली आणि आपण 'थोडंसंच' म्हटलं की कार्ड मेलं." मंगळवारी कार्ड उचलायला पहिलवानाने तिला मदत केली. बुधवारी नुसतं कोपराला बोट लावलं. गुरुवारी तिने स्वतः दिलं, स्पंज पुढे येण्याच्याही आधी. बाईंनी समजावून सांगितलं की औषध घेणं किंवा रस्ता ओलांडणं यात नको चालणार नाही, पण तिथेही आधी 'तुझं नको ऐकलं' हे तिला दाखवायचं. ते पुढचं पुढे. आत्ता तिला खात्री पटू दे.

आता काल सकाळ. बायको कामाला गेली होती. मी कपाट आवरत होतो आणि मागच्या बाजूला तो निळा पेला सापडला. मनात म्हटलं, वर्ष होऊन गेलं, पोरगी विसरली असेल, दूध पिऊ लागली तर तेवढीच तब्येत धरेल. बघ माझी अक्कल, ताई. कानाला खडा लावला म्हणतो आणि खडाच हरवतो. दूध भरलं. नुसतं दूध, शपथ. स्वयंपाकघराच्या दारातून पेला घेऊन आलो.

ती खिडकीखाली बसून झाकण फिरवत होती. तिने पेला बघितला. झाकण हातातच थांबलं. ती भिंतीला अशी चिकटली की मला तो जानेवारी आठवला, आणि मी तिथेच थिजलो. किंचाळेल म्हणून वाट बघत होतो. ती किंचाळली नाही. कार्डांच्या फळीकडे सरकत गेली, भिंत न सोडता. केळं बाजूला केलं, झोका बाजूला केला. तांबडा हात काढला. आणि ताई, ती माझ्याकडे चालत आली. ज्याला घाबरत होती त्याच्याकडे चालत आली. कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं आणि लगेच दोन पावलं मागे गेली.

मी म्हटलं, "नको. बरं, नको." आणि तिच्यादेखत दूध सिंकमध्ये ओतलं. तू ओतलं होतंस त्याच सिंकमध्ये. पेला कचऱ्याच्या डब्यात टाकला. कार्ड परत दिलं.

ती सिंककडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने माझ्या हातात पुन्हा कार्ड दिलं. माझ्याकडे तर काही नव्हतं. खांद्यावर फडकं होतं, ते मी ठेवून दिलं. पुन्हा कार्ड. चष्मा काढून ठेवला. पुन्हा कार्ड. मी दोन पावलं मागे सरलो. पुन्हा. मी मागे मागे सरत दाराबाहेर पोचलो, आणि दर खेपेला ती पुढे येऊन कार्ड द्यायची, मी परत द्यायचो, ती बघायची की हा माणूस खरंच ऐकतोय का. नवव्या वेळी मी ओट्यावर उभा होतो, घराबाहेर, अनवाणी. शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिने विचारलं, "काय झालं, भाऊ?" मी म्हटलं, "पोरीने बाहेर काढलं." आणि मी रडतोय की हसतोय हे तिला कळेना. मलाही कळेना.

भिंगरी उंबऱ्यात उभी होती. हसली, ताई. मोठ्याने, पोट धरून. मग आत गेली, फळीवर खुडबुडली आणि परत आली. तिच्या हातात 'बाबा'चं कार्ड होतं. महिनाभर फळीवर पडून असलेलं, एकदाही कुणाला न दिलेलं. ते माझ्या हातात ठेवलं आणि माझं बोट धरून मला आत नेलं.

बायको संध्याकाळी आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. निळ्या पेल्याचंही. ती खाली बसली. मग म्हणाली, "मलाही एक करून द्या तसलं कार्ड." मी विचारलं, कशाला? "लागेल तेव्हा," म्हणाली. आज तिचंही केलं. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर लटकतंय. दुपारी एकदा मला मिळालंही.

तुझी माफी मागायला शब्द नाहीत, आणि जे आहेत ते त्या दिवशी तुझ्यावर फेकून झाले. ते मूल नसल्याचं जे बोललो ते जिभेवरून कसं पुसायचं मला माहीत नाही. रंग असता तर टर्पेंटाइन होतं.

तू यावंस असं मला फार वाटतं. भिंगरीला बघावंस, तिने तुला झोक्यावर न्यावं. दारात ती कदाचित तुलाही तांबडा हात देईल. दिला तर पायरीवर बसायचं, ती बोलवेपर्यंत. मी शेजारी बसेन. बस पुढच्या रविवारी सकाळी अकराला पोचते, मी थांब्यावर असेन.

पाकिटात जड लागतंय ते पत्र्याचं कार्ड आहे. तुझं आहे. तुला यायचं नसेल तर ते परत पाठव, सोबत काही लिहायची गरज नाही. तिकीट लावलेलं पाकीटही आत ठेवलंय. मी ते हातात घेईन आणि बरं म्हणेन, आणि पुन्हा विचारणार नाही.

तुझा भाऊ